मोकळ्या जागेचा भार

कुणी विचारलं की तुम्ही नक्की काय करता, तर आम्रपाली रणपिसे सांगायची, "टेकू करते." लोक हसायचे, पण ते खरंच होतं. रुग्णालयातली यंत्रं, कारखान्यातल्या टाक्या, एकदा तर एका नाट्यगृहाचं सरकतं छत. जे जे जड असेल आणि जागचं हलता कामा नये, त्याच्याखालचा लोखंडी सांगाडा आखून देणं हा तिचा व्यवसाय. कोथरूडमध्ये एका शिकवणीच्या क्लासच्या डोक्यावर तिचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. संध्याकाळी पाच वाजले की खालून दहावीच्या मुलांचा त्रिकोणमितीचा घोष सुरू व्हायचा आणि वर आम्रपाली कुठली तुळई किती वाकेल याचा हिशेब करत बसायची.

वय त्रेचाळीस. लग्नाच्या भानगडीत ती पडली नव्हती. घरी वडील होते, रतन रणपिसे. एका सरकारी कारखान्यात तेहतीस वर्षं मापं तपासून निवृत्त झालेले. त्यांच्या घरात भूतखेत, नवस, अंगारेधुपारे यांना थारा नव्हता. बापलेकीत भांडण झालंच तर ते मिलिमीटरवरून व्हायचं.

गेल्या दिवाळीनंतर पाषाणच्या बाजूच्या एका संशोधन संस्थेतून डॉ. दत्तप्रसाद सहस्रबुद्धे तिच्याकडे आले. आकाशातून सूक्ष्म कणांचा मारा सतत चालू असतो. त्यातल्या म्यूऑन नावाच्या कणांचा माग काढणारं यंत्र त्यांना उभं करायचं होतं.

"आत्ता आपण बोलतोय तेवढ्यात आपल्या तळहातातून दहाबारा आरपार गेले," ते म्हणाले. "परवानगी न घेता. पुण्यात हे फारच झालं."

यंत्र म्हणजे बारा चपट्या पेट्या, प्रत्येकी पंच्याऐंशी किलोच्या. सहा वर, सहा खाली, आणि मध्ये मोकळी जागा. वरच्या पेट्यांनी कण पाहिला, खालच्यांनी पाहिला, की तो कुठून कुठे गेला ते समजतं. अट एकच होती. पेट्या जागच्या हलता कामा नयेत. दोन केसांच्या जाडीइतका फरक पडला तरी सगळं मोजमाप वाया.

मधल्या मोकळ्या जागेत केबल जोडायच्या होत्या. अर्ध्या बाहेरून जोडता येत होत्या. उरलेल्या एकशे ब्याण्णव जोडायच्या तर माणसाला आत शिरून बसावं लागणार होतं. त्यासाठी आम्रपालीने सांगाड्याच्या पोटात एक कोनाडा ठेवला. आत बसणार होती शेफाली इंगोले, सहस्रबुद्ध्यांची संशोधक विद्यार्थिनी. मुलगी यवतमाळची, बारीक चणीची, दर दुसऱ्या वाक्याला 'नं' लावणारी. आम्रपालीने तिला ऑफिसच्या फरशीवर उकिडवं बसवलं आणि टेप घेऊन गुडघ्यापासून पाठीपर्यंत, एका कोपरापासून दुसऱ्या कोपरापर्यंत माप घेतलं.

"शिंप्यासारखं नं मॅडम," शेफाली म्हणाली.

"शिंपी थोडं सैल ठेवतो. मला ठेवता येत नाही."

सहाशे वीस मिलिमीटर रुंदी ठरली.

सांगाडा शहराबाहेर शिवणे गावात, ज्ञानदेव कुंजिरांच्या शेडमध्ये तयार झाला. ज्ञानदेव कुंजीर म्हणजे नाना. चौसष्ट वर्षांचे, डोळ्यांच्या कडा वेल्डिंगने कायमच्या लाल झालेल्या, आणि कामात इतके मुरलेले की लोखंडाला हात लावून ते किती तापलंय हे सांगत. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी त्यांनी कोनाड्याच्या तळाचा पत्रा जोडला आणि भाराची चाचणी सुरू झाली. नाजूक पेट्यांच्या जागी तेवढ्याच वजनाच्या लोखंडी लाद्या ठेवल्या. सांगाड्याच्या चारही पायांखाली वजन मोजणारी एकेक चकती बसवली आणि तिची तार आम्रपालीच्या लॅपटॉपला जोडली. सांगाडा सहाशे चाळीस किलो, लाद्या एक हजार वीस. पडद्यावर आकडा आला सोळाशे साठ. नाना चहा सांगायला गेले.

बारा वाजून वीस मिनिटांनी आकडा सतराशे बारा झाला.

आम्रपालीला वाटलं, कुणीतरी टेकलंय. तिने मान वर केली. शेडमधले दोघे कामगार दाराशी डबे उघडून बसले होते. सांगाड्याजवळ कुणी नव्हतं. अकरा मिनिटांनी आकडा पुन्हा सोळाशे साठ झाला.

बुधवारी तेच चाळीस मिनिटं झालं. गुरुवारी सकाळच्या चहापासून जेवणाच्या सुटीपर्यंत. प्रत्येक वेळी आकडा तोच, बावन्न पूर्णांक एक किलो. यायचा तोही हळूहळू नाही, आणि धाडकनही नाही. दोन सेकंदांत यायचा. आधी थोडा, मग सगळा.

पुढच्या आठवड्यात तो जायचा थांबला.

आम्रपाली घाबरली नाही. तिला राग आला. चुकीचा आकडा म्हणजे कुणाचातरी आळस, आणि इथे तो तिचाच असणार असं तिने धरलं. तिने चकत्यांची अदलाबदल केली. नवीन चकत्या आणवल्या. शेडमधली सगळी यंत्रं बंद करून पाहिलं. लाद्या एकेक काढून काट्यावर तोलल्या. स्वतः सांगाड्यावर चढून उभी राहिली, तर आकडा बरोबर तिच्या वजनाइतका, एकसष्ट किलोने वाढला. नानांच्या क्रेनने सांगाडा उचलून शेडच्या दुसऱ्या टोकाला नेला. तीन तास सोळाशे साठ. मग सतराशे बारा.

चार पायांवर भार कसा वाटला गेलाय यावरून तो कुठे आहे ते काढता येतं. शाळकरी गणित आहे. तिने ते कागदावर दोनदा केलं. भार कोनाड्यात होता. मधोमध, मागच्या बाजूला पाठ लागेल तिथून वीतभर पुढे. उकिडवं बसलेल्या माणसाचा भार जिथे पडेल, बरोब्बर तिथे.

तिने कोनाड्यात हात घातला. हात रिकाम्या हवेतून फिरला. लॅपटॉपवरचा आकडा हलला नाही.

नाना मागे उभे होते.

"ताई, बसलंय ते," ते म्हणाले.

"काय बसलंय?"

"ते मला काय ठाव? पर लोखंड बसतं तवा करकरतं. ह्याचा आवाज नाय." ते पाना पुसत राहिले. "पोरं त्याच्याकडं पाठ करून काम करत न्हाईत. मी बोललो न्हवतो तुमाला."

तिने एक शेवटचा प्रयोग केला. थर्माकोलचा ठोकळा कोनाड्याच्या मापाचा कापून आणला आणि आत ठोकून बसवला. आकडा लगेच खाली आला. दोन दिवस तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी तिने ठोकळा काढला, चारी बाजूंनी तपासला. त्यावर साधा ओरखडा नव्हता. चार तासांनी बावन्न किलो परत आले.

घरी तिने हे सगळं वडिलांना सांगितलं. रतनराव वाटाणे सोलत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये दोन प्रश्न विचारले, दोन्ही चकत्यांबद्दल.

"आकडा आवडला नाही म्हणून पुसायचा नसतो," ते म्हणाले. "लिहून ठेव. पुढे लिही, कारण अज्ञात. आम्हीही लिहायचो."

"किती वेळा लिहिलंत?"

"तेहतीस वर्षांत दोनदा." त्यांनी पुढची शेंग उचलली. "दोन्ही वेळा कारण नंतर सापडलं. सापडलं नसतं तर बरं, असं एकदा वाटलं होतं."

कोणत्या वेळी, ते तिने विचारलं नाही.

सहस्रबुद्धे सांगाडा पाहायला शिवण्याला आले तेव्हा तिने नोंदींची वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती चष्मा कपाळावर चढवून वाचली.

"बावन्न किलो म्हणजे तीन टक्के. तीन टक्क्यांसाठी आपण आमचा महिना घालवलात."

"कारण कळल्याशिवाय मी चाचणी पूर्ण झाली असं लिहिणार नाही, सर."

"मग हे काय आहे?" कोनाड्याच्या तळाखाली तिने दोन जादा लोखंडी अँगल लावून घेतले होते. त्यांकडे ते बोट दाखवत होते. "हे मूळ आराखड्यात नाहीत. कुणासाठी?"

"भारासाठी."

"कोणत्या?"

"जो आकड्यात दिसतोय त्याच्यासाठी."

सहस्रबुद्धे वही मिटून म्हणाले, "रणपिसे मॅडम, आपण अभियंत्या. सांगाड्याला अंगारा लावायचा नसतो, ग्रीस लावायचं असतं." आणि सांगाडा मार्चच्या पहिल्या आठवड्यात संस्थेत पोचवायला सांगून निघून गेले.

संस्थेचा हॉल तळमजल्यावर होता. पांढऱ्या भिंती, थंडगार हवा, बूट बाहेर काढून आत जायचं. लाद्या गेल्या, खऱ्या पेट्या आल्या. चकत्या आम्रपालीच्या आग्रहाने कायमच्या पायांखाली राहिल्या आणि त्यांचा आकडा तिला कोथरूडला बसल्या जागी दिसेल अशी सोयही तिने करून घेतली. पहिले दोन दिवस भार बरोबर होता. तिसऱ्या दिवशी दुपारी बावन्न किलो चढले.

शेफालीला काही सांगायचं नाही, असं सहस्रबुद्ध्यांनी बजावलं होतं. तसं सांगण्यासारखं होतं तरी काय? त्याच आठवड्यात ती पहिल्यांदा माप बघायला आत शिरली. आम्रपाली लॅपटॉपपाशी होती. शेफालीचे अठ्ठेचाळीस पूर्णांक तीन किलो आधीच्या भारात मिळाले आणि जादा आकडा शंभर पूर्णांक चार झाला. काटेकोर बेरीज होती.

"मॅडम," आतून शेफालीचा आवाज आला, "तुम्ही माप कमी केलं नं?"

"नाही."

"मग माझा डावा गुडघा काहून अडते?"

आम्रपालीने टेप लावला. सहाशे वीस. तिने टेपचं दुसरं टोक शेफालीच्या हातात दिलं आणि तिलाही वाचायला लावलं. शेफालीने वाचलं, सहाशे वीस. ती एका अंगावर कलून, गुडघे उजवीकडे दुमडून बसली होती, रिक्षात तिसरा माणूस बसतो तशी. तिच्या डावीकडे वीतभर मोकळी जागा दिसत होती. पाच मिनिटांत ती बाहेर आली आणि डावा दंड चोळत राहिली.

"एसी लई थंड आहे नं इथं," ती म्हणाली.

बाहेरून जोडलेल्या केबलींवर तीन आठवडे यंत्र चालवून बघायचं ठरलं. म्यूऑनला उजेड सोसण्या-न सोसण्याचा प्रश्न नसतो, पण पेट्यांना तो अजिबात चालत नाही. म्हणून सांगाड्यावर काळं जाड कापड टाकलं आणि यंत्र सुरू केलं. तीन आठवड्यांनी शेफालीने आम्रपालीला पडद्यावर एक नकाशा दाखवला. मधल्या मोकळ्या जागेतून किती कण सरळ पार गेले, किती किंचित वळले, त्याचा. मोकळी हवा असेल तर सगळा नकाशा एकाच रंगाचा यायला हवा.

"इथं जरा वेगळं येतंय नं," शेफालीने बोट ठेवलं. "जसं काही आत सामान ठेवलंय. खाली रुंद, वर निमुळतं."

सहस्रबुद्ध्यांनी लांबूनच पाहिलं. "तिथले जोड कच्चे आहेत. बाकीच्या केबल लागल्या की जाईल."

आम्रपालीने तो नकाशा बराच वेळ पाहिला. तिने शेफालीला विचारलं, "पहिल्या आठवड्याचा वेगळा काढता येईल? आणि तिसऱ्याचा?"

शेफालीने काढला. पहिल्या आठवड्यात निमुळता भाग मधोमध होता. तिसऱ्या आठवड्यात तो एका बाजूला कलला होता. कोनाड्याच्या तोंडाकडे. त्या बाजूला, दहा फुटांवर, शेफालीचं टेबल होतं.

त्या दिवशी आम्रपालीने सहस्रबुद्ध्यांना लेखी कळवलं की कारण सापडेपर्यंत कुणालाही आत पाठवू नये. पुढे केबल जोडायच्या आणि कोनाड्याला आठ बोल्टांचं लोखंडी झाकण लावायचं असं ठरलेलं होतं. झाकण एकदा लागलं की वर्षभर उघडायचं नव्हतं. त्यालाही तिने हरकत घेतली. उत्तर आलं नाही. शेफालीचा मात्र फोन आला.

"माझी मुदत जूनला संपते नं मॅडम. तोवर माझ्याकडे आकडे पाहिजेत. दोन तासांचं तर काम आहे. मी बसते कलून."

"मी येते. मी असताना बस."

"या नं. सोमवारी तीनला."

सोमवारी सकाळी अकरा वाजता आम्रपाली कोथरूडला ऑफिसात होती. तिने सवयीने आकडा उघडला. जादा भार बावन्न पूर्णांक एक होता. अकरा वाजून पाच मिनिटांनी तो शंभर पूर्णांक चार झाला.

तिने सहस्रबुद्ध्यांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. शेफालीचा फोन बंद होता. हॉलमध्ये तो बंदच ठेवावा लागायचा. आम्रपालीने पर्स उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि पडद्यासमोर बसून राहिली.

पस्तीस मिनिटं एकूण आकडा तोच होता. माणूस काम करतो तेव्हा आकडा थरथरतो. हात लांबवला, अंग वळवलं की पायांवरचा भार सरकतो. पहिली दहा मिनिटं तसं होत होतं. नंतर ते थांबलं.

अकरा चाळीसला भार उतरला.

तिने आकडा वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. शंभर पूर्णांक चारातून बावन्न पूर्णांक एक गेले होते. अठ्ठेचाळीस पूर्णांक तीन राहिले होते.

आत गेली ती अठ्ठेचाळीस किलोंची होती. बाहेर आलं ते बावन्न किलोंचं.

पाच मिनिटांनी शेफालीचाच फोन आला.

"झालं मॅडम. सगळ्या केबल जोडल्या."

"दोन तासांचं काम होतं ना?"

"लवकर झालं. जागा पुरली."

"तू बाहेर आहेस?"

"हो. बाहेर आले."

फोन ठेवल्यावर आम्रपालीला काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं. काय ते तिला चांदणी चौकाच्या गर्दीत स्कूटर थांबवून उभी असताना कळलं. एकाही वाक्यात 'नं' नव्हतं.

ती हॉलमध्ये पोचली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. शेफाली तिच्या टेबलाशी बसून टाइप करत होती. तिने मान वर करून ओळखीचं हसू दिलं आणि पुन्हा कामाला लागली. चेहरा तोच, कपडे तेच, केसांना लावलेली पिवळी क्लिपही तीच. सहस्रबुद्धे खुशीत होते. सगळ्या केबल पहिल्या फटक्यात लागल्या होत्या. नाना झाकण आणि बोल्टांचा डबा घेऊन सांगाड्यापाशी उभे होते. त्यांना झाकणासाठीच बोलावलं होतं.

"आपले बावन्न अठ्ठेचाळीसवर आले, पाहिलंत?" सहस्रबुद्धे म्हणाले. "मी म्हणत होतो, चकत्या सरकतायत. चारपाच महिन्यांत शून्यावर येतील. आपली चिंता आपोआप मिटेल."

"झाकण लावू नका, सर."

"का?"

आम्रपाली सांगाड्यापाशी गेली, गुडघ्यांवर बसली आणि टॉर्च पेटवून कोनाड्यात डोकं घातलं. केबल ओळीने लागल्या होत्या, एकूण एक लेबल एकाच दिशेला वळवलेलं. तळाचा पत्रा स्वच्छ होता. आत कुणी नव्हतं. फक्त बाहेरच्या थंडीत आतली हवा किंचित कोमट होती, नुकतंच कुणी उठून गेलेल्या खुर्चीसारखी. शेफाली तासाभरापूर्वी तिथे बसली होती, तेव्हा त्यात नवल नव्हतं.

तिने डोकं बाहेर काढलं. लॅपटॉप शेजारी जमिनीवर ठेवला, चारही पायांचे आकडे दिसतील असा.

मग ती कोनाड्याच्या तोंडाशी वाकून हळूच म्हणाली, "शेफाली?"

मागे टेबलावर टाइप करण्याचा आवाज चालू राहिला. खंड पडला नाही.

पडद्यावर मागच्या दोन पायांवरचे अकरा किलो उतरले.

पुढच्या दोन पायांवर अकरा किलो चढले.

नानांनी ते पाहिलं. त्यांना आकडे फारसे कळत नसत, पण हे कळलं.

"ताई," ते म्हणाले, "पुढं आलं."

"लावा झाकण, नाना," टेबलाकडून शेफाली म्हणाली. तिने मान वर केली नव्हती. एरवी ती त्यांना काका म्हणायची.

नानांनी पाना जमिनीवर ठेवला. "मी न्हाय लावत."

"नाना, आपल्याला कामासाठी बोलावलंय," सहस्रबुद्धे म्हणाले.

"म्हाईत हाय. न्हाय लावत."

आम्रपाली कोनाड्यासमोर उभी राहिली. "सर, या झाकणाच्या कागदावर मी सही करणार नाही."

"आपली सही सांगाड्यावर आहे. ती झाली." त्यांचा आवाज चढला नव्हता. "झाकण आमचं."

टाइप करण्याचा आवाज थांबला. शेफाली उठून आली. तिने आम्रपालीच्या खांद्याला अगदी हलका हात लावून तिला बाजूला केलं. त्या हातात जोर नव्हता, पण आम्रपाली बाजूला झाली. का झाली ते तिला पुढेही सांगता आलं नाही. शेफालीने झाकण एकटीने उचललं. मग पाना घेऊन आठही बोल्ट आवळले, जाणकार माणूस आवळतो तसे, समोरासमोरचे जोडीने, थोडे थोडे. वीस वर्षांत नानांनी आपल्या पोरांना जे शिकवलं होतं, ते तिला कुणीच शिकवलेलं नव्हतं.

शेवटचा बोल्ट आवळला जात असताना पुढच्या पायांवर आणखी नऊ किलो चढले.

त्या दिवसानंतर आम्रपालीला संस्थेत काम उरलं नाही. तिने दोन पत्रं लिहिली. पहिल्याला सहस्रबुद्ध्यांनी एका ओळीत उत्तर दिलं, की यंत्र उत्तम चालू आहे आणि मधल्या जागेचा नकाशा शेफालीने दुरुस्त केला आहे. दुसऱ्याला उत्तर आलं नाही. नवव्या दिवशी ती स्वतः गेली. फाटकावरच्या रखवालदाराने फोन लावला आणि शेफाली भेटायला बाहेर आली.

"आत डेटा चालू आहे, मॅडम. उजेड आत शिरला तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल."

"शेफाली, तुझ्या घरी कोण कोण असतं यवतमाळला?"

शेफाली थोडी थांबली. कुणी पत्ता विचारल्यावर थांबावं, तितकीच. "सगळे असतात," ती म्हणाली. आणि परत आत गेली.

आकडा बघण्याची सोय कुणी बंद केली नव्हती. बहुधा विसरले असावेत. आम्रपाली ऑफिसात आली की आधी तोच उघडायची. अठ्ठेचाळीस पूर्णांक तीन, सगळा भार पुढच्या पायांवर, झाकणाला लागून. पहिल्या काही दिवसांत त्या भारात बारीक ठोके दिसत. दोनचारशे ग्रॅम चढायचे, उतरायचे, पुन्हा चढायचे. दिवसाला शेकडो. तिने ते मोजून वहीत लिहिले. चौथ्या दिवसापासून भार कमी होऊ लागला, रोज अर्ध्या किलोने.

तिने वही वडिलांपुढे ठेवली. रतनरावांनी प्रत्येक पानावर बोट फिरवत शेवटपर्यंत वाचली.

"चकती सरकली तर आकडा सरकतो," ते म्हणाले. "पण असा नाही. रोज तेवढाच, आणि थोडा थोडा, असा आकडा खर्चाचा असतो. आत काहीतरी खर्च होतंय, आमू." मग त्यांनी चष्मा काढला. "झाकण कधी काढणार म्हणालीस?"

"पुढच्या एप्रिलात."

त्यांनी वही मिटली नाही, परतही दिली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने नानांना फोन केला. नाना म्हणाले, या, पाना घेऊन जाऊ, हाकललं तर हाकललं. ते दोघे गुरुवारी सकाळी पाषाणला गेले. फाटकावर त्यांची नावं दिलेली होती, आत सोडायचं नाही म्हणून. दुपारपर्यंत ते समोरच्या टपरीवर बसून राहिले. आम्रपालीने मांडीवर लॅपटॉप उघडून ठेवला होता.

ठोके रोज कमी होत गेले होते. मंगळवारी एकोणीस, बुधवारी चार. गुरुवारी दुपारी एक वाजेपर्यंत एकही नव्हता.

भार मात्र होता. एकेचाळीस पूर्णांक सहा, झाकणाला टेकून.